ओव्हनमध्ये भाज्या रोस्ट करताना त्या पचपचीत का होतात, आणि काय करायचं

रोस्ट केलेल्या भाज्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते, "रेसिपीत दिलं होतं तसंच सगळं केलं, पण खरपूस काही झाल्या नाहीत, नुसत्या उकडल्यासारख्या झाल्या." मग पुढच्या वेळी लोक टेंपरेचर वाढवतात आणि भाज्या बाहेरून काळ्या, आतून कच्च्या निघतात. त्याच्या पुढच्या वेळी तेल दुप्पट घालतात, तर तेलकट आणि परत मऊच.

यातल्या नव्वद टक्के भानगडी पाण्याच्या असतात. बटाट्यात साधारण ८० टक्के पाणी असतं, गाजरात ८८ च्या आसपास, आणि फ्लॉवर, मशरूम, सिमला मिरची, झुकिनी यांच्यात तर ९० च्या वर. पाणी १०० डिग्रीला उकळतं आणि जोवर फोडीचा पृष्ठभाग ओला आहे तोवर तो त्याच्या फारसा वर तापतच नाही, ओव्हन २२० वर असला तरी. भाजीला जो तपकिरी रंग आणि खमंग वास येतो तो नीट सुरू व्हायला मात्र साधारण १४० डिग्री लागतात. म्हणजे आधी वरचं पाणी उडून जायला हवं, मगच भाजणं सुरू होतं. खालची प्रत्येक पायरी या ना त्या मार्गाने पाणी घालवण्यासाठीच आहे, त्यामुळे क्रम बदलू नका.

१. एका ट्रेमध्ये कोण कोण बसणार ते आधी ठरवा

फ्रिजमध्ये उरलंय ते सगळं एकत्र करून ट्रेमध्ये ओतायचं हा रोस्टिंगचा समज जिथून कुठून आला असेल तिथून आला असेल, पण तो त्रासदायक आहे. बटाट्याला ४० मिनिटं लागतात आणि ब्रोकोलीला १८, दोघं एकदम आत गेले तर एक जण नक्की वाया जाणार.

२१० डिग्रीला, मध्यम फोडी असतील तर अंदाजे वेळ असा:

- बटाटा ३५ ते ४५ मिनिटं
- बीट (दोन सेंटिमीटरच्या फोडी) ३५ ते ४५
- गाजर २५ ते ३५
- रताळं, लाल भोपळा २५ ते ३५
- फ्लॉवर २५ ते ३०
- कांदा (जाड फाका) २५ ते ३०
- सिमला मिरची, मशरूम २० ते २५
- ब्रोकोली, फरसबी, छोटे टोमॅटो १५ ते २०

पहिल्यांदा करत असाल तर वेळ जुळणाऱ्या दोनच भाज्या घ्या, फ्लॉवर आणि गाजर घ्या, किंवा नुसता बटाटा घ्या. मिक्स ट्रे कसा करायचा ते पुढे सातव्या पायरीत आहे, पण तो दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला.

किती घ्यायच्या? साधारण ३० बाय ४० सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये ५०० ते ६०० ग्रॅम चिरलेली भाजी नीट पसरते. घरात माणसं जास्त असतील तर दोन ट्रे लावा, एकाच ट्रेमध्ये किलोभर कोंबू नका.

२. धुणं आधी, चिरणं नंतर

आख्खी भाजी धुवा, पुसा, मग चिरा. चिरून मग धुतली की कापलेल्या प्रत्येक बाजूला पाणी चिकटतं आणि फ्लॉवर-ब्रोकोलीच्या तुऱ्यांमध्ये तर ते असं लपून बसतं की वरून हात लावला तर कोरडं वाटतं, झटकलं की थेंब उडतात. फ्लॉवर धुतल्यावर देठ वर करून उलटा ठेवून अर्धा तास निथळू द्या. घाई असेल तर मोठे तुकडे करून स्वच्छ सुती कापडात गुंडाळून जोरात झटका.

मशरूम भिजत घालू नका. पटकन धुवा आणि लगेच टिपा, किंवा ओल्या कापडाने पुसा.

बटाटा हा एकच अपवाद. तो चिरल्यावर परत धुवायचा, कारण कापलेल्या बाजूवर सुटं स्टार्च असतं, ते चिकटतं आणि डाग पडल्यासारखं करपतं. पण धुतल्यावर कापडावर पसरून अगदी कोरडा करायचा, "जरासं ओलं चालेल" असं नाही.

आणखी एक, रोस्ट करायचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते, मग ते आतून शिजायच्या आधीच बाहेरून गडद होतात आणि कडवट लागतात. शिवाय अशा बटाट्यात भाजताना ॲक्रिलमाइड नावाचा नको असलेला पदार्थही जास्त तयार होऊ शकतो. कोरड्या, अंधाऱ्या जागी बाहेरच ठेवा.

*तपासा:* चौथ्या पायरीत चिरून झालं की मूठभर फोडी टिश्यूवर ठेवून दाबा. टिश्यू ओला झाला तर अजून पुसायचंय.

३. ओव्हन आत्ता लावा, चिरायच्या आधी

२१० डिग्री सेल्सिअस. पंखा चालू असेल, म्हणजे कन्व्हेक्शन मोड असेल, तर १९०. ओटीजी असेल तर वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू ठेवा.

प्रीहीटचा दिवा विझला किंवा बीप वाजला म्हणजे ओव्हन तयार असं समजू नका, तेव्हा बहुतेक वेळा फक्त आतली हवा तापलेली असते, भिंती आणि जाळी अजून गारच असतात. दार उघडलं की ती हवा बाहेर आणि टेंपरेचर धाडकन खाली. एकूण २० मिनिटं तरी तापू द्या. घरगुती ओव्हनच्या डायलवर जो आकडा दिसतो तो आत खरोखर असतोच असंही नाही, १०-२० डिग्रीचा फरक अगदी सर्रास असतो. भाज्या कायम उशिरा होत असतील किंवा कायम करपत असतील तर आत ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर घ्या, अंदाजाच्या खेळापेक्षा स्वस्त पडतो.

ट्रे कुठला वापरायचा यावर बराच निकाल ठरतो. पातळ काठांचा, धातूचा, उथळ ट्रे सगळ्यात बरा. केकचं खोल भांडं नको, कारण उंच काठांमुळे वाफ आतच कोंडते. काचेचं भांडं सावकाश तापतं आणि गरम काचेवर गार, ओली भाजी टाकली तर ते तडकूही शकतं. काळपट ट्रेवर रंग लवकर येतो, त्यामुळे तिथे वेळेच्या ५ मिनिटं आधीच बघायला लागा.

धातूचा ट्रे रिकामाच ओव्हनबरोबर तापत ठेवला तर अजून छान, भाजी पडल्या पडल्या चर्र आवाज येतो आणि खालची बाजू लगेच भाजायला लागते. नॉनस्टिक ट्रे मात्र रिकामा तापवू नका.

४. चिरणं: आकार नाही, जाडी बघा

लोक फोडी दिसायला सारख्या करतात पण जाडी सारखी नसते. शिजायला लागणारा वेळ फोडीच्या सगळ्यात जाड भागावर ठरतो. गाजराचं टोक आणि बूड सारख्या लांबीचे कापले तरी बुडाचा तुकडा दुप्पट जाड असतो, तो उभा चिरून दोन किंवा चार भाग करायला पाहिजेत.

बटाटा अडीच सेंटिमीटर, गाजर-बीट दोन, रताळं-भोपळा अडीच ते तीन, सिमला मिरची तीन सेंटिमीटरचे चौकोन. दोन सेंटिमीटरच्या खाली गेलात तर भाजण्याऐवजी वाळतात. मशरूम लहान असेल तर आख्खा, मोठा असेल तर दोन भाग, कारण तो आकसून जवळजवळ निम्मा होतो.

फ्लॉवरचे तुरे हाताने मोडू नका, देठातून सुरी घालून उभे कापा. कापल्यावर एक सपाट बाजू मिळते आणि ती सपाट बाजू ट्रेला टेकली की तिथे जो रंग येतो तो गोल तुऱ्याला कधीच येत नाही. ब्रोकोलीचंही तेच. तिचा जाड देठ फेकू नका, वरची चिवट साल काढून काप करा, खरं तर तुऱ्यांपेक्षा तोच जास्त गोड लागतो. फ्लॉवरची आतली कोवळी पानंही ट्रेमध्ये टाका, शेवटची १० मिनिटं.

कांद्याच्या फाका करताना बुडाचा भाग ठेवा, नाहीतर पाकळ्या सुट्या होतात आणि कडा जळतात.

बटाट्याची जादा पायरी. खरंच कुरकुरीत हवा असेल तर फोडी आधी उकळा. दोन लिटर पाण्यात भरपूर मीठ आणि अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, पाणी उकळल्यावर बटाटे घालून ८ ते १० मिनिटं. सोड्यामुळे बाहेरचा थर लवकर मऊ पडतो. सुरी टोचली तर जराशा अडखळत आत जायला हवी. पाणी काढून टाका, फोडी त्याच गरम पातेल्यात दोन मिनिटं उघड्या ठेवा म्हणजे वाफ निघून जाते, मग झाकण लावून पातेलं चार-पाच वेळा जोरात हलवा. कडा खरबरीत होतात, वर पिठूळ थर येतो, आणि तोच थर तेलात कुरकुरीत होतो. सोडा अर्ध्या चमच्याच्या वर गेला तर चव साबणासारखी लागते, आणि जास्त उकळलं तर सरळ कुस्करा होईल.

५. तेल आणि मीठ

५०० ग्रॅम भाजीला दीड ते दोन टेबलस्पून तेल. सोडा घालून उकळलेल्या बटाट्याला तीन, कारण खरबरीत थर तेल पितो. जास्त तापमानाला न धुरणारं कुठलंही रिफाइंड तेल चालतं. लोण्यात दुधाचे घन कण असतात, ते एवढ्या उष्णतेत जळतात, त्यामुळे लोणी हवंच असेल तर बाहेर काढल्यावर वरून घाला.

तेल ट्रेवर पसरलेल्या भाजीवर धार धरून ओतू नका, पाच फोडी तेलात बुडतात आणि बाकीच्या कोरड्या राहतात. मोठ्या परातीत किंवा बोलमध्ये भाजी घ्या, तेल घाला आणि हाताने चोळा. प्रत्येक फोड चमकायला हवी, पण बोलच्या तळाशी तेलाचं तळं साचलेलं दिसायला नको.

मीठ सगळ्यात शेवटी, आणि मीठ लावलं की सरळ ओव्हनमध्ये. इथे फार जण गडबडतात, सकाळीच मीठ-मसाला लावून बोल झाकून ठेवतात की मुरेल म्हणून. मुरत काही नाही, मीठ पाणी ओढून बाहेर काढतं आणि संध्याकाळी बोलच्या तळाशी ते पाणी साचलेलं असतं. आधी तयारी करून ठेवायची असेल तर चिरून, कोरडी करून, *बिनमिठाची* ठेवा. झुकिनी आणि मशरूमला तर मी मीठ भाजून झाल्यावरच लावते. ५०० ग्रॅमला पाऊण छोटा चमचा मीठ पुरतं, पाणी उडून भाजी आटते त्यामुळे कच्चेपणी कमी वाटणारं मीठ नंतर बरोबर होतं.

*सावधान:* लसूण, मध, साखर, सॉस, लाल तिखट यातलं काहीही आत्ता घालायचं नाही. हे सगळं भाजीच्या आधी जळतं. मिरपूड, जिरेपूड आणि रोझमेरी-थाइमसारखी कडक पानं आत्ता चालतात.

६. ट्रेवर पसरणं

सगळं नीट करून लोक इथे येऊन घसरतात. फोडी एकाच थरात, एकमेकींना न टेकता, मध्ये निदान एक सेंटिमीटर जागा. एकावर एक चढल्या की खालच्या फोडीची वाफ वरचीला लागते आणि दोघी उकडतात. ट्रेचा तळ फोडींच्या मधून दिसायला हवा. दिसत नसेल तर भाजी जास्त झालीय, दुसरा ट्रे काढा किंवा उरलेली दुसऱ्या घाण्यात करा.

सपाट, कापलेली बाजू खाली. हो, एकेक फोड उलटायला दोन मिनिटं जातात, जाऊ द्या.

बेकिंग पेपर लावला तर साफसफाई सोपी पण रंग थोडा कमी येतो, आणि पेपरच्या पाकिटावर किती डिग्रीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, ते वाचा. फॉइलला बटाटा आणि फ्लॉवर हमखास चिकटतात. वरून फॉइलने झाकणं तर अजिबात नको, मग ते रोस्ट राहिलंच कुठे.

गरम ट्रेवर भाजी टाकत असाल तर आधी ट्रे बाहेर काढून ओट्यावर ठेवा, दार लावा, मग जाड हातमोजे घालून चमच्याने पसरा. ट्रे ओव्हनमध्येच ठेवून आत हात घालून पसरू नका.

७. भाजणं

ट्रे मधल्या जाळीवर, किंवा खालचा रंग कमी येत असेल तर मधल्याच्या एक खाली. पहिली १५ मिनिटं दार उघडायचं नाही आणि भाजी हलवायची नाही. या वेळात ओव्हनच्या काचेवर वाफ धरेल आणि मग हळूहळू काच परत स्वच्छ होईल, ती स्वच्छ व्हायला लागली म्हणजे वरचं पाणी बरंचसं उडालं.

मग दार उघडा, जरा मागे सरून, कारण पहिला वाफेचा लोट तोंडावर येतो. लगेच दोन सेकंद दार उघडं ठेवून वाफ जाऊ द्या, हे चांगलंच असतं. एक फोड उलथन्याने उचलून बघा. सहज सुटली आणि खाली सोनेरी असेल तर सगळ्या उलटा. चिकटून बसली असेल तर ओढू नका, ओढलं की साल ट्रेला आणि मगज तुमच्याकडे. पाच मिनिटांनी परत बघा, रंग आला की ती आपोआप सुटते. उलटताना ट्रेही फिरवून ठेवा, मागची बाजू पुढे, कारण बहुतेक ओव्हन मागच्या बाजूला जास्त तापतात. उलटणं एकदाच, दर पाच मिनिटांनी ढवळलं तर कुठलीच बाजू ट्रेला पुरेशी टेकत नाही.

दोन ट्रे असतील तर निम्म्या वेळेला वरचा खाली, खालचा वर, आणि एकूण वेळ ५ ते १० मिनिटं जास्त धरा.

*मिक्स ट्रे:* उलटा हिशोब करा. समजा ४० मिनिटांनी सगळं एकदम तयार हवंय. मग बटाटा किंवा बीट शून्य मिनिटाला, फ्लॉवर आणि कांदा १५व्या मिनिटाला, सिमला मिरची १८व्या, ब्रोकोली किंवा फरसबी २२व्या मिनिटाला. प्रत्येकाची जागा सुरुवातीलाच रिकामी ठेवा, म्हणजे बटाटा पूर्ण ट्रेभर पसरू नका, आणि ट्रे दर वेळी भरभर आत-बाहेर करा. बीट वेगळ्या कोपऱ्यात, नाहीतर सगळं गुलाबी. खरं सांगायचं तर दोन लहान ट्रे आणि दोन टायमर हे यापेक्षा सोपं आहे.

८. शेवटची दहा मिनिटं

आता लसूण. बारीक चिरलेला लसूण चमचाभर तेलात कालवून शेवटच्या ५ मिनिटांत घाला. लाल तिखट किंवा इतर मसाल्याची पूडही अशीच तेलात कालवून. मध किंवा कुठलंही गोड ग्लेझ शेवटची ५ ते ७ मिनिटं, आणि तेव्हा तिथून हलू नका, सोनेरीचं काळं व्हायला दीड-दोन मिनिटं पुरतात.

झालं की नाही हे घड्याळावरून नाही, दोन गोष्टींवरून ठरवा. सगळ्यात जाड फोडीत सुरी सहज आत जायला हवी, आणि कडा गडद तपकिरी हव्यात. नुसतं पिवळं म्हणजे झालं नाही, बरेच जण इथेच घाबरून ट्रे बाहेर काढतात.

- आतून शिजलं पण रंग नाही: २३० वर करा आणि ४-५ मिनिटं, किंवा वरचा ग्रिल लावून २ मिनिटं, समोर उभं राहून.
- रंग आला पण आत कच्चं: १७०-१८० वर आणून १० मिनिटं, आणि पुढच्या वेळी फोडी लहान करा.
- ट्रेमध्ये पाणी साचलंय: ट्रे बाहेर काढून तिरका करा, पाणी चमच्याने काढा, अर्धी भाजी दुसऱ्या ट्रेवर हलवा आणि परत आत.

९. बाहेर काढल्यावर

लिंबू, व्हिनेगर, कोवळी पानं, चीज, भाजलेल्या बिया, जे काही घालायचं ते आता, वाढायच्या क्षणी. लिंबू आधी घातलं तर ब्रोकोली-फरसबीचा हिरवा रंग मळकट होतो आणि कुरकुरीतपणाही जातो.

खोल बोलमध्ये ढीग करून झाकण ठेवू नका, एवढा वेळ घालवलेली वाफ तिथे परत तयार होते. पसरट थाळीत वाढा. बाकीचा स्वयंपाक व्हायचा असेल तर ट्रे बंद केलेल्या ओव्हनमध्ये दार थोडं किलकिलं ठेवून १० मिनिटं राहू शकतो. तापलेल्या तेलकट ट्रेवर लगेच गार पाणी सोडू नका, ट्रे वाकतो आणि शिंतोडे हातावर उडतात.

एअर फ्रायर आणि फ्रोझन भाज्यांचं काय

एअर फ्रायरमध्ये १९० डिग्री, बास्केट निम्म्यापेक्षा जास्त भरायची नाही, तेल एक टेबलस्पून पुरे आणि दर ६-७ मिनिटांनी बास्केट हलवा. इथे हवा चहूबाजूंनी फिरते म्हणून हलवलेलं चालतं. वेळ साधारण दोन-तृतीयांश लागतो.

फ्रोझन भाजी वितळू देऊ नका, वितळली की पाण्यात लोळते. गोठलेलीच तेलात घोळून तापलेल्या ट्रेवर, २२० ते २३० वर, आणि ताज्या भाजीपेक्षा दुप्पट जागा द्या. ताज्यासारखी होत नाही, पण ब्रोकोली आणि फ्लॉवर बऱ्यापैकी जमतात, फ्रोझन सिमला मिरचीच्या नादी मात्र लागू नका.

उरलेली भाजी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, ३ ते ४ दिवस राहते. परत गरम करायची तर २०० डिग्रीला ६ ते ८ मिनिटं किंवा जाड बुडाच्या तव्यावर, मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता. मायक्रोवेव्हमध्ये ती परत लिबलिबीत होते, त्यापेक्षा गारच सॅलडमध्ये टाका.